वेबसाईटवर माणसं येतात, चौकशी का येत नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

वेबसाईटवरून मिळणाऱ्या चौकशांबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या व्यावसायिकांची बरीच पत्रं आली. एकाच अडचणीची पत्रं एकत्र करून त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत शेवटी एकच विचारणा आहे: जाहिरात करावी का? आमचं उत्तर बहुतेकांना सारखंच आहे. आलेला माणूस कुठे गळतोय ते आधी शोधा. गळती तशीच ठेवून जाहिरातीवर खर्च केला, तर गळणाऱ्या माणसांची संख्या तेवढी वाढेल.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. महिन्याला साडेतीनशे-चारशे जण वेबसाईट बघतात, असं डिझायनर दाखवतो. पण वर्षभरात संपर्काच्या फॉर्ममधून कामाची एकही चौकशी आली नाही. फोन येतात ते नोकरी मागणाऱ्यांचे, नाहीतर आम्हालाच काहीतरी विकणाऱ्यांचे. गूगलवर जाहिरात सुरू करावी का? — एक फाउंड्रीचालक

उत्तर : इतक्यात नको. इतकी माणसं येऊन वर्षभरात एकही फॉर्म येत नसेल, तर फॉर्म भरला जातोय पण तुमच्यापर्यंत पोचत नाही, हा पहिला संशय घ्यायला हवा. तपासायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्याच कुणाचा तरी मोबाईल घ्या, वायफाय बंद करा, कंपनीचा नसलेला ईमेल पत्ता टाकून फॉर्म भरा. मेल आला का, स्पॅममध्ये गेला का, ते बघा. मग हाच फॉर्म ५ एमबीचं ड्रॉइंग जोडून पुन्हा भरा. बरेच फॉर्म पहिल्या चाचणीत पास होतात आणि दुसरीत नापास.

मेल हरवण्याचं नेहमीचं कारण असं. फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचा जीमेल पत्ता दिलेला असतो. वेबसाईट तो पत्ता 'प्रेषक' म्हणून लावते आणि तुमच्या होस्टिंगच्या (वेबसाईट जिथे ठेवलेली असते त्या) सर्व्हरवरून मेल पाठवते. मेल घेणारा सर्व्हर तपासतो की जीमेलच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार या सर्व्हरला आहे का. तो नसतो. मग मेल स्पॅममध्ये जातो किंवा दारातूनच परत पाठवला जातो. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम आणखी कडक केले आहेत. इकडे फॉर्म भरणाऱ्याला मात्र पडद्यावर 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असं दिसतं. तो वाट बघतो, मग दुसऱ्या फाउंड्रीला विचारतो.

डिझायनरकडून एवढं करून घ्या. प्रेषकाच्या जागी तुमच्याच डोमेनवरचा (वेबसाईटच्या नावावरचा) पत्ता ठेवा आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू' मध्ये टाका. मेल लॉगिन असलेल्या एसएमटीपी खात्यातून, म्हणजे पासवर्ड लागणाऱ्या मेल पाठवण्याच्या खात्यातून, जाऊ दे. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएम (मेल खरा असल्याची सही) या दोन्ही नोंदी करा. एसपीएफची नोंद एकच हवी. होस्टिंगवाल्याची एक आणि मेलवाल्याची एक अशा दोन वेगळ्या नोंदी असल्या की तपासणीत चूक निघते आणि एकीचाही उपयोग होत नाही. दोघांचे तपशील एकाच ओळीत जोडावे लागतात. शिवाय प्रत्येक चौकशी वेबसाईटच्या डेटाबेसमध्येही साठली पाहिजे, म्हणजे मेल हरवला तरी चौकशी हरवत नाही. वर्डप्रेसवर 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' वापरत असाल, तर तो स्वतःहून काहीच साठवत नाही. त्याच्या जोडीला 'फ्लेमिंगो' हे प्लगइन घालावं लागतं.

ड्रॉइंगचा घोळ वेगळा आहे. पीएचपीमध्ये (वेबसाईट ज्या भाषेवर चालते तिच्यात) फाईलची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि कॉन्टॅक्ट फॉर्म ७ ची तर १ एमबी. त्रिमितीय ड्रॉइंगची स्टेप फाईल एवढ्यात कुठे मावणार? दोन्ही ठिकाणी मर्यादा २० एमबीपर्यंत वाढवा. पीडीएफबरोबर डीडब्ल्यूजी, स्टेप आणि झिप फाईलही चालू द्या. मेलला फाईल जोडण्यापेक्षा ती सर्व्हरवर ठेवून मेलमध्ये लिंक यावी हे बरं, पण ते फोल्डर लॉगिनशिवाय उघडता कामा नये. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग गूगलच्या शोधात सापडलं, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही.

आता मजकुराकडे वळू. 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास' हे वाक्य वाचून पुण्याचा खरेदी अधिकारी काहीच ठरवू शकत नाही. त्याला हवी असते ती माहिती पहिल्या पडद्यावर अशी दिसावी: 'ग्रे आयर्न एफजी २०० ते एफजी ३००, एसजी आयर्न ४००/१५ आणि ५००/७. नगाचं वजन २ ते ८० किलो. इंडक्शन फर्नेस. स्पेक्ट्रोमीटर कारखान्यातच. मशीनिंग करून मिळेल.' आकडे अर्थात तुमचे घाला. ग्रे आयर्नसाठी आयएस २१० आणि एसजीसाठी आयएस १८६५ हे क्रमांक मजकुरात असूद्यात, कारण खरेदीवाले हेच क्रमांक टाकून शोधतात. मोल्डिंग बॉक्सचं सगळ्यात मोठं माप, महिन्याला किती टन ओतकाम होतं, पॅटर्न तुम्ही करता की गिऱ्हाइकाने द्यायचा, नमुना किती दिवसांत मिळतो, कमीत कमी किती नगांची ऑर्डर घेता, हे त्याखाली येऊ दे. 'आम्ही ८० किलोच्या वरचं काम घेत नाही' असं स्पष्ट लिहायला घाबरू नका. नको त्या चौकशा तिथेच थांबतात आणि योग्य माणसाचा विश्वास बसतो.

नोकरीच्या फोनसाठी 'नोकरी' असं वेगळं पान करून तिथे वेगळा ईमेल द्या. फोन नंबरच्या शेजारी 'कास्टिंगच्या चौकशीसाठी' असे शब्द लिहिले तरी बराच फरक पडतो.

प्रश्न : सुभाषनगरात आमचं चपलांचं घरगुती काम आहे. वेबसाईटवर साठ फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली 'किमतीसाठी संपर्क करा' असं लिहिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्राईस?' एवढाच मेसेज येतो, आम्ही किंमत सांगतो आणि पुढे काहीच येईना. किंमत वेबसाईटवर टाकली तर इतर दुकानदार बघतील अशी भीती वाटते. — चप्पल कारागीर कुटुंब

उत्तर : किंमत टाका. इतर दुकानदाराला तुमची किंमत हवी असेल, तर तो एका फोनवर मिळवेल. गिऱ्हाईक मात्र तेवढ्यासाठी फोन करत नाही, पुढच्या वेबसाईटवर जातं. 'प्राईस?' हा मेसेज तुमच्या पानानेच मागवलेला आहे. पानावर किंमत नाही, म्हणून तोच प्रश्न येतो. उत्तर मिळालं की त्याचं काम झालं. चौकशी त्यापुढची हवी असेल, तर किंमत, कातडं, तळाचे थर, बनवायला लागणारे दिवस आणि परगावी पाठवण्याचा खर्च हे सगळं आधीच लिहून ठेवा. कामाप्रमाणे दर बदलत असेल तर 'अमुक रुपयांपासून पुढे' असं लिहा आणि कशामुळे वाढतो तेही सांगा: वेणी, जर, जास्तीचा थर.

परगावचं गिऱ्हाईक अडतं ते मापावर. मापाचं एक वेगळं पान करा आणि प्रत्येक चपलेखाली त्याची लिंक द्या. त्यात असं सांगा: संध्याकाळी माप घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. कागद जमिनीवर ठेवून त्यावर पूर्ण वजन देऊन उभं राहा. पेन्सिल अगदी सरळ धरून पावलाभोवती रेघ काढा. पेन्सिल आत तिरकी झाली की माप कमी भरतं आणि चप्पल घट्ट होते. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पायांचं माप घ्या. कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि पाठवा. नवं कातडं सुरुवातीला कडक लागतं आणि वापरात पायाप्रमाणे बसतं, हेही आधीच लिहा. 'चावते' म्हणून परत येणारे जोड कमी होतील.

साठ फोटो एका पानावर नकोत. आजच्या मोबाईलचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. साठ फोटो म्हणजे २४० एमबी! पान उघडायच्या आत माणूस गेलेला असतो. प्रत्येक फोटो १२०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा, १०० ते १५० केबीत छान बसतो. खालचे फोटो पान सरकवल्यावर उघडतील अशी सोय करा. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र ती सोय लावू नका, नाहीतर नेमका तोच उशिरा दिसतो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं प्रमाण आहे. 'पेजस्पीड इनसाइट्स' वर पत्ता टाकून मोबाईलचा आकडा बघा, संगणकाचा नाही.

आणि फोटो कशाचे? एकाच कोनातून साठ जोड काढण्यापेक्षा वीस प्रकार निवडा आणि प्रत्येकाचे चार फोटो घ्या: वरून, बाजूने, तळ आणि पायात घातलेली. पाचवा फोटो शिवणीचा जवळून. कातड्याच्याच वादीने शिवलेली चप्पल आणि यंत्रावर केलेली नक्कल यांतला फरक तिथेच दिसतो. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकरी ही नावं फोटोखाली अक्षरांत लिहा. नाव माहीत असलेला माणूस घ्यायच्या तयारीने आलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण प्रत्येक चपलेला वेगळं असावं, म्हणजे दाबल्यावर मेसेज आधीच लिहिलेला येतो: 'कापशी, तपकिरी, नंबर ८. पत्ता: ____. कधीपर्यंत मिळेल?' गिऱ्हाइकाने गाव भरलं की पहिल्याच मेसेजला पूर्ण उत्तर देता येतं. या लिंकमध्ये नंबर ९१ आणि पुढे दहा आकडे एवढाच लिहायचा. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा, मधली रेघ यांतलं काहीही आलं तर लिंक बिघडू शकते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. ही माहिती पानावर जरूर द्या. पण मानांकनाचं चिन्ह लावायचं, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली हवी. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या शोमुळे या चपलेची चर्चा जगभर झाली. परदेशातून विचारणा येत असेल, तर युरोपियन नंबर आणि सेंटिमीटर यांचा तक्ता द्या. परदेशी पाठवत नसाल, तर तेही स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमचा कांदा-लसूण मसाल्याचा उद्योग आहे. छापील पत्रकातला मराठी मजकूर वेबसाईटवर टाकायला दिला, तर डिझायनरने त्याचा फोटोच लावला. अक्षरं टाकली की चित्रविचित्र चिन्हं येतात म्हणे. मराठी ठेवावं की सरळ इंग्रजी करावं? — वाचक, इचलकरंजी

उत्तर : मराठी ठेवा, फोटो काढून टाका. फोटोतल्या मजकुरावर शोधात भरवसा ठेवता येत नाही, त्यातला नंबर दाबून फोन लागत नाही आणि मोबाईलवर अक्षरं बारीक होतात. पत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असणार. त्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, फक्त दिसायला देवनागरी दिसते. फॉन्ट काढला की मूळ चिन्हं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात. बदलल्यावर रफार, जोडाक्षरं, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' एकदा डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात.

इंग्रजीचं पान वेगळं करा. एका पानावर दोन्ही भाषांची सरमिसळ नको. मराठी माणसंसुद्धा मोबाईलवर रोमन अक्षरांत 'कांदा लसूण मसाला' टाईप करतात, म्हणून इंग्रजी पानाच्या शीर्षकात ते रोमन स्पेलिंग असू दे. पाकिटाचं वजन, दर, किती महिने टिकतो, तिखटपणा कसा, कमीत कमी किती किलोची घाऊक ऑर्डर घेता आणि एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, एवढं दोन्ही पानांवर हवं. दुकानदार घाऊक चौकशी करण्याआधी तो क्रमांक बघतो.

प्रश्न : महाद्वार रोडजवळ आमचं लॉज आहे. गूगलवर जाहिरात केली. पैसे गेले, पण फोन बहुतेक गावातल्याच लोकांचे, तेही भलत्याच कामाचे. — लॉजचालक

उत्तर : जाहिरातीतलं ठिकाणाचं सेटिंग उघडा. 'कोल्हापुरात असलेले लोक' एवढंच निवडलेलं असावं, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. नळदुरुस्तीवाल्याला ते बरोबर आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा मात्र खोली शोधतो तेव्हा पुण्यात, मुंबईत, बेळगावात किंवा सोलापुरात असतो. ती शहरं निवडा आणि शोधशब्दांत कोल्हापूर ठेवा. नोकरी, पगार, भाड्याने घर, हॉस्टेल, मंगल कार्यालय हे शब्द वर्ज्य यादीत घाला, म्हणजे ते शोधणाऱ्याला जाहिरात दिसणार नाही. त्यानंतर दर आठवड्याला 'लोकांनी खरोखर काय शोधलं' हा अहवाल बघून यादी वाढवत राहा. रात्री अकरानंतर फोन उचलायला कुणी नसेल, तर जाहिरात त्या वेळी बंद ठेवा.

जाहिरात दाबल्यावर मुख्य पान उघडता कामा नये, खोल्यांचं पान उघडलं पाहिजे. त्यावर देवळापर्यंत चालत किती मिनिटं लागतात, लिफ्ट आहे का, गरम पाणी किती ते किती, एका खोलीत किती माणसं चालतात, नवरात्रात दर वेगळा असतो का, हे लिहा. सगळ्यात आधी गाडीचं सांगा. त्या भागात चारचाकी कुठे लावायची, ही बाहेरगावच्या माणसाची पहिली काळजी असते. स्वतःची जागा नसेल तर बिंदू चौकातल्या वाहनतळापासून चालत यायचा रस्ता नकाशासह द्या.

गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमची नोंद) नाव पाटीवर आहे तसंच लिहा. 'महालक्ष्मी मंदिराजवळचं सर्वोत्तम स्वस्त लॉज' अशी शेपटी जोडली की प्रोफाइल बंद होण्याचा धोका असतो. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणंही नियमाबाहेर आहे. नुसती विनंती करा, तेवढी चालते. अजून एक बघा. गूगलने प्रोफाइलमधून तयार होणाऱ्या फुकट वेबसाईट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. काउंटरवरचा क्यूआर कोड किंवा जुनी कार्डं तो पत्ता दाखवत असतील, तर ती बदला.

प्रश्न : वेबसाईट करून देणारा आता फोनच उचलत नाही. फोन नंबर बदलायचा तरी अडून बसलोय. — वाचक, गांधीनगर

उत्तर : डोमेन कुणाच्या ईमेलवर नोंदलंय, त्यावर सगळं अवलंबून आहे. जुनं बिल किंवा नूतनीकरणाचा मेल शोधा, त्यात नोंदणी करणाऱ्या कंपनीचं नाव असतं. डोमेन तुमच्या नावावर असेल, तर त्या कंपनीला ओळखपत्र आणि बिल दाखवून खातं परत मिळवता येतं. त्याच्या नावावर असेल, तर लेखी मागणी करून ते तुमच्या खात्यात हलवून घ्या. त्यासाठी ट्रान्सफर कोड लागतो. होस्टिंग बंद पडलं तर वेबसाईट पुन्हा उभारता येते, पण डोमेन गेलं तर छापलेली सगळी कार्डं आणि गाडीवरची नावं फुकट जातात. म्हणून डोमेनचं खातं नेहमी मालकाच्या ईमेलवर आणि मोबाईलवर असावं, आणि नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवावं.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं मशीनिंगचं शॉप आहे. चौकशा येतात, पण वेबसाईटवरून किती आणि तोंडी ओळखीतून किती, हे कळत नाही. कसं मोजायचं? — वर्कशॉपमालक

उत्तर : तीन गोष्टी मोजा: फोन नंबरवरचं टिचकणं, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि फॉर्म. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (वेबसाईटवरची वर्दळ मोजणारं गूगलचं साधन) तिन्हींचे वेगळे इव्हेंट, म्हणजे मोजायच्या कृती, करून त्यांना 'की इव्हेंट' म्हणून खूण करा. फॉर्म भरल्यावर वेगळं धन्यवादाचं पान उघडू दे, मोजणी सोपी होते. संगणकावर बघणारा नंबर दाबत नाही, तो बघून मोबाईलवरून लावतो. असा फोन यात कधीच मोजला जात नाही. त्यासाठी फोनजवळ वही ठेवा: तारीख, कामाचा प्रकार, कुठून कळलं, पुढे काय झालं. विचारायचं काम फोन उचलणाऱ्याचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या तयार मेसेजात पानाचं नाव घातलं, की कोणत्या पानावरून माणूस आला ते न विचारता कळतं.

तुमच्या शॉपमधले सगळे दिवसातून चार वेळा वेबसाईट उघडत असतील, तर तो आकडा वगळायचं सेटिंग करा. महिन्याला तीनच्या चार चौकशा झाल्या म्हणून बदल यशस्वी ठरवू नका. एवढ्या लहान आकड्यांत चढउतार होतच असतात. तीन-चार महिन्यांची बेरीज बघा आणि एका वेळी एकच बदल करा.

गूगलचं सर्च कन्सोल जोडलं नसेल तर आजच जोडा, ते फुकट आहे. त्यात कोणते शब्द शोधताना तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं, हे समजतं. एखाद्या शब्दावर पान शेकडो वेळा दिसतंय पण कुणी उघडत नाही, तर त्या पानाचं शीर्षक बदला. तिथे 'मुख्यपृष्ठ' किंवा नुसतं फर्मचं नाव असतं. 'व्हीएमसी जॉबवर्क, कोल्हापूर: एक नगापासून' असं लिहून बघा. जो शब्द लोक शोधतायत पण त्यावर तुमचं पानच नाही, त्याचं स्वतंत्र पान करा. उदाहरणार्थ गिअर कटिंगची मशीन तुमच्याकडे असते आणि वेबसाईटवर मात्र 'इतर सेवा' या यादीत ती शेवटच्या ओळीत पडलेली असते.